भुयार पूर्ण झाले, असे केव्हा म्हणावे?

प्रति,
मुख्य अभियंते, आराखडाकार आणि तांत्रिक सल्लागार,
मलनिःसारण विभाग, महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

विषय : भूमिगत मलवाहिनी बोगद्यांच्या पूर्णत्वाचे निकष बदलण्याबाबत

सन्माननीय महोदय आणि महोदया,



हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा या गावातून महानगरांच्या मलनिःसारणाविषयी पत्र यावे, याचे आपल्या विभागांना नवल वाटण्याची शक्यता आहे. परंतु शहरांचे सांडपाणी शहराच्या हद्दीपाशी थांबत नसल्याने त्याविषयी जाब विचारण्याचा अधिकारही त्या हद्दीपुरता राहत नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात पोहोचते, व त्याच जलाशयावर सोलापूरची तहान भागते; नागपूरची नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेला मिळून गोसीखुर्द धरणात जाते; आणि नाशिक ओलांडून आलेली गोदावरी जायकवाडीत साठते, जिथून मराठवाड्यातील मोठी शहरे पिण्याचे पाणी उचलतात. शिवाय महानगरांतील भुयारांसाठी खर्च होणाऱ्या पैशात राज्याच्या आणि केंद्राच्या तिजोरीचाही वाटा अनेकदा असतो, आणि त्या भुयारांत व गटारांत उतरणाऱ्या हातांमध्ये मराठवाड्यातून मजुरीसाठी गेलेले हातही असतात. नरहर कुरुंदकर यांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुरुंद्याने प्रश्न विचारण्यात संकोच करावा, असे काही कारण दिसत नाही.

ज्या वाचकांना या विषयाची परिभाषा परिचित नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा आवश्यक आहे. घरांतील शौचालय, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांतून बाहेर पडणारे पाणी वाहून नेते ती मलवाहिनी, आणि रस्त्यांवर व छपरांवर पडलेले पावसाचे पाणी वाहून नेते ती पर्जन्यजलवाहिनी. मुंबईत ही दोन जाळी वेगळी कल्पिलेली आहेत, तर लंडनसारख्या जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच नळातून जाते. मलवाहिनी शक्य तेथवर उताराने, म्हणजे पंपाविना चालते, त्यामुळे ती जसजशी पुढे जाते तसतशी जमिनीखाली खोल जात राहते, आणि फार खोल गेल्यावर उदंचन केंद्रात, म्हणजे पंपांच्या साहाय्याने पाणी वर उचलणाऱ्या केंद्रात, ते उचलून पुन्हा पुढच्या उताराला लावावे लागते. पूर्वी रस्ता उकरून नळ टाकले जात. आता त्याच रस्त्याखाली पाण्याच्या मुख्य वाहिन्या, विजेच्या तारा, गॅसचे नळ आणि काही ठिकाणी मेट्रो असल्याने उकरायला जागा उरलेली नाही, आणि म्हणून या सर्वांच्या खालून जाणारा बोगदा हा पर्याय पुढे आला. असा एक खोल बोगदा अनेक लहान उदंचन केंद्रांची गरज संपवू शकतो, हाही त्याचा लाभ आहे.

या कामाचे तांत्रिक मोल कमी लेखण्याचा हेतू या पत्रात नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्यांचे कुंपण घालून आत एक उभी, गोल विहीर खणली जाते, जिला शाफ्ट म्हणतात. तिच्यातून क्रेनने बोगदा खोदणारे यंत्र तुकड्यातुकड्यांनी खाली सोडून तळाशी जोडले जाते. त्याच्या तोंडाशी फिरणाऱ्या पोलादी चकत्या काळा बेसॉल्ट भरडत जातात, आणि यंत्राच्या शेपटाकडे काँक्रीटचे वक्र तुकडे, म्हणजे सेगमेंट, एकमेकांत अडकवून एकेक कडे पुरे केले जाते. कडे आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंटचा पातळ लगदा दाबाने भरला जातो, कारण ती फट राहिली तर वरची जमीन खचू शकते. मुंबई महानगरपालिकेने शुद्ध पाणी शहरात आणण्यासाठी अशी भुयारे यापूर्वीच खोदली असून अमर महलपासून ट्रॉम्बेकडे आणि परळकडे जाणारे जलबोगदे शंभर मीटरहून अधिक खोलीवर आहेत. जे कौशल्य पाणी आणण्यासाठी इतक्या सफाईने वापरले गेले, ते वापरलेले पाणी परत नेण्यासाठी तितक्याच पूर्णतेने का वापरले जात नाही, हा या पत्राचा मूळ प्रश्न आहे.

त्या प्रश्नामागची तक्रार अशी, की यंत्र ज्या दिवशी दुसऱ्या टोकाचा खडक फोडून बाहेर येते, त्या दिवशी प्रकल्प यशस्वी झाल्याचे जाहीर होते, हारतुरे होतात, आणि त्यापुढचे सारे काम देखभालीच्या सदरात ढकलले जाते. वस्तुतः मलवाहिनीचा बोगदा हा एका साखळीतील मधला दुवा असून त्याच्या अलीकडे घराची जोडणी, पलीकडे प्रक्रिया केंद्र आणि भोवती तो निर्वेध चालू ठेवणारी माणसे असतात. या तीन दुव्यांवाचून पूर्ण म्हटलेले भुयार म्हणजे घाणीचे स्थलांतर होय.

या विधानाला इतिहासाचा आधार आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने लंडनच्या संसदेचे कामकाज अवघड झाले, तेव्हा जोसेफ बाझलजेट या अभियंत्याला निधी मिळाला आणि त्याने नदीला समांतर अशा सुमारे १३२ किलोमीटर लांबीच्या मुख्य वाहिन्या बांधून शहराची घाण पूर्वेकडे नेली. मध्य लंडन स्वच्छ झाले, पण घाण प्रक्रियेविना खालच्या थेम्समध्येच सोडली जात राहिली. ३ सप्टेंबर १८७८ रोजी प्रिन्सेस अॅलिस ही प्रवासी बोट नेमकी त्या परिसरात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे नुकत्याच सोडलेल्या मैलापाण्यात दगावली. त्यानंतरच्या दशकात लंडनला सांडपाण्यातील गाळ वेगळा काढण्याची व्यवस्था करावी लागली. जगभर नावाजलेल्या त्या वाहिन्यांच्या शेवटच्या टोकाचा विचार तब्बल दोन दशके लांबला होता.

मुंबईची कथा याहून फार वेगळी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आर्थर क्रॉफर्ड यांच्या आयुक्तपदाच्या काळात आणि त्यानंतर शहराच्या मलनिःसारणाच्या योजना आखल्या जात होत्या, तेव्हा घरोघरचा मैला डोक्यावरून वाहून नेला जात असे आणि त्या सेवेपोटी पालिका हलालखोर कर वसूल करत असे. पुढे वाहिन्या आल्या आणि त्यांचे पाणी समुद्राला मिळाले. १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलेल्या प्रकल्पातून वरळी आणि वांद्रे येथे समुद्रतळाखालून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीची सागरी पातमुखे, म्हणजे सांडपाणी खोल समुद्रात सोडणारी भुयारे, बांधण्यात आली; बांधकाम म्हणून ती निःसंशय मोठी कामगिरी होती, परंतु त्यांतून जाणारे पाणी केवळ जाळ्यांतून गाळलेले आणि रेती बाजूला काढलेले असे होते. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप येथील दिवसाला एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात प्रक्रिया केंद्रांचे भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झाले. भुयार आधी आणि प्रक्रिया पाव शतकानंतर, हा क्रम लंडनच्या अनुभवानंतरही मुंबईत पुन्हा घडला, ही खेदाची बाब आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्या विभागांपुढे पुढील तक्रारी आणि विनंत्या क्रमाने मांडण्यात येत आहेत.

पहिली तक्रार शेवटच्या गल्लीची आहे. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची सुमारे ४० टक्के लोकसंख्या झोपडपट्ट्यांत राहत होती, आणि डोंगरउतारावरील वस्त्यांतून व नाल्याकाठच्या घरांतून निघणारे सांडपाणी मोठ्या प्रमाणावर मलवाहिनीत न जाता नाल्यात जाते. विहार तलावापासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारी मिठी नदी त्यामुळेच बारमाही गटार झाली आहे. यात अन्यायाइतकीच तांत्रिक हानीही आहे. मलवाहिनीत पाण्याला स्वतःचा गाळ स्वतः वाहून नेता येईल इतका वेग असावा लागतो, ज्याला स्वयंशोधन वेग म्हणतात आणि जो केंद्रीय नियमपुस्तिकेनुसार सेकंदाला किमान ०.६ मीटर धरला जातो. मोठ्या व्यासाच्या बोगद्यात जोडण्या अपुऱ्या राहिल्या तर प्रवाह तळाशी पातळ आणि मंद वाहतो, गाळ बसतो, तो कुजून वायू तयार होतो, आणि नव्या भुयारात पहिल्या काही वर्षांतच सफाईचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा विनंती अशी, की प्रत्येक बोगद्याच्या अंदाजपत्रकातच त्याच्या पाणलोटातील वस्त्यांच्या जोडण्यांचा खर्च धरावा आणि दोन्ही कामांची मुदत एकच ठेवावी.

दुसरी तक्रार ताळेबंदाची आहे. मुंबईला दररोज सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते, आणि घरात पोहोचलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते, असे आराखड्यात गृहीत धरले जाते. पुरवठ्यातून गळती किती वजा होते, विंधन विहिरी आणि टँकर यांचे पाणी किती मिळते, वाहिन्यांत प्रत्यक्ष किती येते, प्रक्रिया किती पाण्यावर होते आणि उरलेले कोठे जाते, हे सारे आकडे एका पानावर मावण्यासारखे आहेत. पाणीपट्टीच्या जोडीने मलनिःसारणाचा आकार भरणाऱ्या नागरिकाला ते पान मात्र सहज पाहायला मिळत नाही. जे मिळते ते बहुधा इंग्रजीतील जाडजूड प्रकल्प अहवालात दडलेले असते. प्रत्येक महानगरपालिकेने हा ताळेबंद दरमहा, मराठीत आणि केंद्रनिहाय जाहीर करावा, आणि नदीकाठच्या पालिकांनी तो पाणी सोडले जाते त्या ठिकाणाच्या खालच्या गावांनाही पाठवावा, ही दुसरी विनंती आहे.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, कारण ती माणसाच्या जिवाची आहे. मॅनहोल म्हणजे मलवाहिनीत उतरण्यासाठी ठेवलेले उभे तोंड. त्याचे बिडाचे झाकण पहारीने सरकवले की खाली काळा, संथ प्रवाह आणि भिंतीला गंजलेल्या पायऱ्या दिसतात. आत साठणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. तो थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो, परंतु त्याचे प्रमाण वाढताच नाकाची संवेदनाच बधिर होते आणि उतरलेल्या माणसाला वास थांबला म्हणजे वायू गेला असे वाटते. पहिला कामगार कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही परत येत नाही, असा या अपघातांचा क्रम वर्षानुवर्षे तोच आहे. संरक्षक साधनांविना मलवाहिनीत माणूस उतरवण्यास हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमाने मनाई केली. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून मलवाहिन्यांत मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख करण्यात आली. महाराष्ट्र शासनानेही माणसाऐवजी यंत्राने सफाई करण्याचे धोरण जाहीर केले आहे.

तरीही मृत्यू थांबले नाहीत, आणि याचे एक कारण आराखड्यात आहे. वाहिनीचा व्यास, वळणे, मॅनहोलमधील अंतर आणि तोंडाची रुंदी ही यंत्राला अनुकूल नसतील, तर यंत्र खरेदी करूनही ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहते आणि ठेकेदार अखेरीस माणसालाच दोर बांधतो. म्हणून विनंती अशी, की नव्या कोणत्याही मलवाहिनीच्या आराखड्यासोबत तिची सफाई कोणत्या यंत्राने, कोणत्या तोंडातून आणि किती दिवसांनी होईल याचा स्वतंत्र आराखडा सक्तीचा करावा, आणि ज्या भागात यंत्र पोहोचू शकत नाही तो भाग नामंजूर करावा. दुर्घटना घडल्यास केवळ ठेकेदाराचे नाव पुढे न करता आराखडा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचीही जबाबदारी तपासली जावी.

चौथी तक्रार जुन्या वाहिन्यांच्या विस्मरणाची आहे. वर सांगितलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूवर जगणारे जिवाणू वाहिनीच्या ओलसर छतावर त्याचे गंधकाम्लात रूपांतर करतात, आणि ते आम्ल काँक्रीटचे छत हळूहळू खाऊन टाकते. तळ शाबूत आणि माथा पोखरलेला, अशी स्थिती अनेक वर्षे वरून कोणालाही कळत नाही, आणि एके दिवशी रस्त्याला भगदाड पडते. वायुवीजनाच्या उभ्या नळ्या, आम्लरोधक अस्तर आणि कॅमेऱ्याने होणारी नियमित तपासणी हे त्यावरील ज्ञात उपाय आहेत. प्रत्येक वाहिनीचे बांधकाम वर्ष, साहित्य आणि शेवटच्या तपासणीची तारीख नोंदवणारी नोंदवही सार्वजनिक करावी, म्हणजे नव्या बोगद्याच्या उद्घाटनाइतकेच महत्त्व जुन्या विटांच्या कमानींच्या दुरुस्तीलाही मिळेल.

पाचवी तक्रार पाऊस आणि मैला यांच्या फारकतीची आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कागदावर वेगळी असलेली दोन्ही जाळी प्रत्यक्षात एक झाली. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले आणि त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्याजवळ सापडला. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवण्यास सुरुवात झाली, पण अशी जाळी हा मूळ आराखड्याचाच भाग असायला हवी होती. पुराचे आणि सांडपाण्याचे नियोजन एकत्र कसे करावे याचा एक धडा कुरुंदा ज्या संस्थानात होते त्या हैदराबादच्या इतिहासात आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर संस्थानाने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना पाचारण केले. पुण्यात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या या अभियंत्याने वरच्या बाजूला पूर अडवणारी धरणे आणि शहरात आधुनिक मलनिःसारण अशी दोन्ही कामे सुचवली, ज्यांतून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. आज ही दोन कामे बहुधा दोन वेगळ्या विभागांकडे, दोन वेगळ्या नकाशांवर असतात. जुलै २०२२ मध्ये पुराचे पाणी घरांत शिरलेले पाहिलेल्या कुरुंद्याला या फारकतीची किंमत समजावून सांगावी लागत नाही, कारण पुरानंतर घरात राहतो तो निव्वळ नदीचा गाळ नसतो.

सहावी तक्रार अनुकरणाची आहे. महानगरांच्या भुयारांकडे पाहून लहान शहरांत आणि मोठ्या गावांत भूमिगत गटार योजनांची मागणी वाढते, नळ टाकले जातात, रस्ता पुन्हा डांबरी होतो, आणि प्रक्रिया केंद्र नसल्याने त्या नळाचे तोंड ओढ्यात सोडले जाते. अशा रीतीने महानगराने पाव शतक केलेली चूक गावाच्या माथी मारली जाते. याउलट नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे, घेऊन उघडी गटारे आणि डास दोन्ही हटवले, आणि त्या पद्धतीचे अनुकरण इतर जिल्ह्यांत झाले. न्हाणीघराच्या पाण्याला शोषखड्डा आणि शौचालयाला योग्य रचनेची टाकी, हे जिथे पुरेसे आहे तिथे भुयाराचा आग्रह धरू नये, आणि जिथे वस्तीची दाटी खरोखर मलवाहिनी मागते तिथे प्रक्रिया केंद्रावाचून ती मंजूर करू नये, असा स्पष्ट सल्ला आपल्या अनुभवी अभियंत्यांनी शासनाला द्यावा.

या विनंत्या अवास्तव नाहीत, हे इतरत्र सिद्ध झाले आहे. सिंगापूरने क्रांजीपासून चांगीपर्यंतचा ४८ किलोमीटरचा खोल मलबोगदा २००८ मध्ये कार्यान्वित केला तो प्रक्रिया केंद्रासह, आणि शुद्ध केलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा वापरात आणला. लंडनने बाझलजेटच्या वाहिन्यांतून पावसाळ्यात नदीत सांडणारे मैलापाणी अडवण्यासाठी २५ किलोमीटर लांबीचा नवा बोगदा बांधून २०२५ मध्ये त्याच्या सर्व जोडण्या पूर्ण केल्या. मुंबई महानगरपालिकेनेही धारावीहून घाटकोपरमार्गे भांडुपकडे प्रक्रिया केलेले पाणी नेणाऱ्या बोगद्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. वापरलेले पाणी शुद्ध होऊन परत येण्याची ही वाट स्वागतार्ह असून पुणे, नाशिक आणि नागपूर यांनीही ती धरल्यास उजनी, जायकवाडी आणि गोसीखुर्दच्या काठावरील गावांचा त्रास त्या प्रमाणात कमी होईल.

अखेरची विनंती एकच आहे आणि तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही. मलवाहिनीच्या कोणत्याही बोगद्याला पूर्णत्वाचा दाखला देताना त्यावर तीन नोंदी असाव्यात : पाणलोटातील किती घरे जोडली गेली, पलीकडच्या टोकाला किती पाण्यावर कोणत्या दर्जाची प्रक्रिया होते, आणि माणूस न उतरवता सफाई होईल याची हमी कोणत्या अधिकाऱ्याने स्वाक्षरीनिशी दिली. यांपैकी एकही नोंद कोरी असताना दाखल्यावर स्वाक्षरी करण्यास आपण नकार द्यावा. तो अधिकार आजही आपल्याच लेखणीत आहे.

कळावे.

विनीत,
कुरुंदा येथील एक नागरिक
(ता. वसमत, जि. हिंगोली)